टेक लॉगमध्ये काय लिहायचं, कुठं लिहायचं? डीजीसीएचा स्पॉट चेक आणि एटीआरचे परत परत येणारे स्नॅग

खानापूर_एफओ

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले बरेच जण आता रिजनल विमानांवर आहेत. कुणी कॉकपिटमध्ये, कुणी लाइन मेन्टेनन्सला, कुणी सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी. म्हणून हा प्रश्न इथंच टाकतोय. कंपनीचं नाव कुणी घेऊ नये ही विनंती. प्रश्न पद्धतीचा आहे: विमानातला दोष, म्हणजे स्नॅग, टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोष-दुरुस्तीच्या नोंदवहीत) कधी आणि कसा लिहायचा.

एटीआर ७२-६०० हे दोन प्रोपेलरचं विमान दिवसभर छोटे छोटे सेक्टर (एका ठिकाणाहून दुसरीकडची एकेक फेरी) करत फिरतं. सांबऱ्यासारख्या ठिकाणी टर्नअराउंड (उतरल्यापासून परत निघेपर्यंतचा वेळ) पंचवीस-तीस मिनिटांचा. तिथं सुटे भाग नसतात, हँगर नसतो, आणि कित्येकदा एएमई (लायसन्स असलेला मेन्टेनन्स इंजिनियर) म्हणजे विमानाबरोबरच आलेला एकटा माणूस. त्यामुळं स्नॅग तोंडी सांगायचा आणि बेसला पोचल्यावर शेवटच्या सेक्टरच्या पानावर लिहायचा, ही सवय रिजनलमध्ये सर्रास दिसते. सांबऱ्याला लिहिलं तर विमान तिथंच एओजी (दुरुस्तीसाठी जमिनीवर अडकलेलं), पुढचे प्रवासी लटकले, आणि फोन सुरू. नाही लिहिलं तर डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक नियामकाचा) माणूस समोर उभा राहिल्यावर उत्तर कोण देणार?

दुसरं असं की एकच स्नॅग चार वेळा लिहूनही चारही वेळा 'ग्राउंड चेक केला, सॅटिस' (म्हणजे समाधानकारक) अशी सही होऊन विमान परत येतं. अशा वेळी पायलटच्या हातात नेमकं काय असतं?

आणि तिसरं टायरचं. जून २०२५ च्या डीजीसीए पाहणीत टायर झिजलेले म्हणून एक देशांतर्गत विमान रोखून धरलं होतं. वॉक-अराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून बघताना) टायर आम्हीच बघतो. किती झिजला म्हणजे 'नाही' म्हणायचं? एएमई, कॅप्टन, क्वालिटीवाले, सगळ्यांनी सांगा.

निपाणीकर_बीवन

तोंडी स्नॅगचं आधी बोलू, कारण बाकी सगळं तिथूनच बिघडतं.

मी विमान सोडतो म्हणजे सीआरएसवर (विमान उड्डाणाला सोडल्याच्या दाखल्यावर) सही करतो. ती सही पानावर जे लिहिलंय त्याची असते. तुम्ही कानात सांगितलेला स्नॅग मी ऐकला आणि पान कोरं ठेवून सही केली, तर माझंही लायसन्स त्यात आलं. पण त्याहून मोठा घोटाळा वेगळाच आहे. स्नॅग लिहिला नाही तर एमईएलचं (कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येतं त्या यादीचं) घड्याळ सुरूच होत नाही. कॅमोची (विमानांच्या उड्डाणयोग्यतेवर लक्ष ठेवणाऱ्या विभागाची) रिलायबिलिटीवाली मंडळी फक्त लिहिलेले दोष मोजतात, त्यांच्या तक्त्यात तो दोष येत नाही. पुढच्या क्रूला कळत नाही. म्हणजे विमान दोष घेऊन उडतंय आणि कागदावर ते निरोगी आहे. दिवसात सहा सेक्टर झाले आणि दोष पहिल्याला दिसला असेल तर पाच सेक्टर असे गेले.

आता लिहायचं कसं. 'डीसी जेन १ ट्रिप झाला' (म्हणजे एक नंबरचा डीसी जनरेटर बंद पडला) एवढंच लिहिलं तर जमिनीवर मी काय करणार? इंजिन सुरू करतो, जनरेटर लाइनवर घेतो, व्होल्टेज २८ च्या आसपास दिसतं, फॉल्ट लाइट नाही. लिहितो सॅटिस. आळस म्हणून लिहीत नाही, खरंच सगळं ठीक दिसतं म्हणून लिहितो. जमिनीवर लोड हलका, कंपन वेगळं, तापमान वेगळं. स्टार्टर-जनरेटरचे कार्बन ब्रश झिजत आले की ते वरच्या कंपनात कम्युटेटरवर नीट टेकत नाहीत, उड्या मारतात. एखादा टर्मिनल सैल असेल तर गरम झाल्यावरच दगा देतो. ते सगळं उभ्या विमानात सापडत नाही.

हेच असं लिहा: 'उतरताना ९,००० फुटांवर, एनपी ८२ टक्के, अँटी-आयसिंग चालू असताना डीसी जेन १ फॉल्ट. क्यूआरएचप्रमाणे एकदा रीसेट केला, ४ मिनिटांनी परत ट्रिप, नंतर ऑफ ठेवून उतरलो. दुसऱ्या जनरेटरवर परिणाम नाही.' (एनपी म्हणजे प्रोपेलरचा वेग, क्यूआरएच म्हणजे अडचणीच्या वेळची कॉकपिटमधली चेकलिस्ट-पुस्तिका.) आता मला दिशा मिळाली. ब्रशची लांबी मोजतो, कार्बनची धूळ साफ करतो, टर्मिनलचा टॉर्क बघतो, कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघतो. तरी नाही सापडलं तर डाव्या-उजव्या बाजूचे जीसीयू (जनरेटरचं नियंत्रण करणाऱ्या पेट्या) अदलाबदल करतो. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर जीसीयू खराब, तिथंच राहिला तर जनरेटर किंवा वायरिंग. ही अदलाबदलही पानावर लिहायचीच, नाहीतर पुढच्या शिफ्टचा माणूस शून्यापासून सुरू करतो.

आणि वर रीसेट केलेला असेल तर ते लिहायलाच हवं. रीसेटनं दिवा विझला म्हणून दोष गेला असं धरू नका. ७२-६०० वर एमपीसी (विमानातला संगणक) फॉल्टची नोंद स्वतःच ठेवतो. विमान सांगतंय दोष आला, पान सांगतंय काही नाही, हे जुळत नाही हे कुणीही तपासणारा पाच मिनिटांत काढतो. जूनच्या त्या पाहणीत डीजीसीएनं हेच नोंदवलं होतं, की विमानाच्या यंत्रणेनं दाखवलेले दोष टेक्निकल लॉगबुकात उतरवलेले नाहीत.

अधूनमधून येणारा दोष किरकोळ समजू नका. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशिया २३५ पडलं, ४३ जण गेले. तेही एटीआर ७२-६००. ऑटोफेदर (इंजिन बंद पडलं की प्रोपेलरची पाती आपोआप वाऱ्याच्या दिशेत वळवणाऱ्या) युनिटच्या आत सोल्डरचे सांधे कच्चे होते, त्यामुळं सिग्नल मधूनच तुटायचा. टेक-ऑफ रोलमध्ये एटीपीसीएस (टेक-ऑफची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आर्म, म्हणजे तयार, दिसलं नाही. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे तिथंच थांबायला हवं होतं. ते पुढं निघाले, मग आर्म दिसलं, आणि हवेत गेल्यावर दोन नंबरचं प्रोपेलर आपोआप फेदर झालं. त्यानंतर घाईत चालू असलेल्या इंजिनचाच पॉवर लिव्हर मागं ओढला गेला. शेवटची चूक कॉकपिटमधली खरी, पण सुरुवात अशाच 'कधी येतो, कधी जातो' दोषानं झाली होती.

टायर. खोबणीचा तळ ट्रेडवर कुठंही लागला की मी तो टायर काढायच्या यादीत धरतो. नेमकी मर्यादा विमानाच्या एएमएममध्ये (देखभालीच्या मॅन्युअलमध्ये) असते, तोच शेवटचा शब्द. काही टायरना आतला रिइन्फोर्सिंग थर दिसेपर्यंत सवलत असते, काहींना नसते, म्हणून टायर कंपनीची पुस्तिका वाचून वाद घालू नये. कॉर्ड (टायरच्या आतले धागे) दिसली तर चर्चाच नाही. वॉक-अराउंडला टायर एकाच जागी बघून पुढं जाऊ नका. खालचा जमिनीला टेकलेला भाग तर दिसतच नाही. टॅक्सी करून आल्यावर एकदा आणि पुशबॅकआधी एकदा बघितलं तर वेगवेगळा भाग समोर येण्याची शक्यता असते, आणि शंका असेल तर विमान थोडं पुढं घ्यायला सांगा. ब्रेक लॉक होऊन पडलेला सपाट पट्टा, बाजूच्या भिंतीवरचा काप, फुगवटा, हे तिन्ही बोटानं चाचपून कळतात, नुसत्या नजरेनं सुटतात.

प्रेशर टायर थंड असतानाच, म्हणजे उतरल्यावर दोन-तीन तासांनी. तापमान ३ अंशांनी बदललं की प्रेशर साधारण १ टक्क्यानं बदलतं. आता हा हिशेब बघा: दुपारी ३८ अंशांच्या बेसला नायट्रोजन बरोबर भरलं, विमान सांबऱ्याला रात्रभर उभं राहिलं, पहाटे १४ अंश. फरक २४ अंश, म्हणजे प्रेशर ८ टक्क्यांनी खाली. ९२ टक्के दिसतंय पण गळती काहीच नाही. उलट खरी गळती असेल तर ती या थंडीच्या नावाखाली लपून जाते. म्हणून आकडा लिहिताना शेजारी तापमानही लिहा. सर्वसाधारण नियम असा: २४ तासांत ५ टक्क्यांपर्यंत घट चालते, ९० च्या खाली टायर काढायचा, ८० च्या खाली गेला तर त्याच अॅक्सलवरचा जोडीचा टायरही काढायचा, कारण सगळा भार त्यानं एकट्यानं सोसलेला असतो.

ब्रेक वेअर पिन (ब्रेक किती झिजला ते दाखवणारी) पार्किंग ब्रेक लावूनच बघायची. ब्रेक सोडलेला असेल तर पिन जास्त लांब दिसते आणि फसगत होते.

इंजिन ऑइलचंही तसंच. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलनं दिलेल्या वेळेतच लेव्हल बघायची, उशीर झाला की टाकीतलं ऑइल खाली उतरतं आणि कमी दिसतं. मग कुणीतरी वरून भरतो आणि ओव्हरफिल होतं. हॉटेल मोडवर (उभ्या विमानाला वीज आणि हवा देण्यासाठी) दोन नंबर, म्हणजे उजवं, इंजिन चालूच असतं, प्रोपेलर फिरू नये म्हणून प्रोप ब्रेक लावलेला. म्हणजे सांबऱ्याच्या टर्नअराउंडमध्ये त्या इंजिनचं ऑइल बघताच येत नाही, आणि गरम एक्झॉस्टमुळं उजव्या बाजूचं निरीक्षणही लोक लांबूनच उरकतात. उजव्या बाजूचे दोष उशिरा सापडतात ते यामुळं. दिवसातून एकदा तरी दोन्ही इंजिनं बंद असताना उजवी बाजू जवळून बघा.

कॅप्टन_हिंडलगा

बीवन साहेबांनी यंत्राचं सांगितलं, मी जबाबदारीचं सांगतो.

आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अॅनेक्स ६ मध्ये स्पष्ट आहे: माहीत असलेले आणि शंका असलेले, दोन्ही प्रकारचे दोष फ्लाइट संपल्यावर कळवणं ही कमांडरची जबाबदारी. 'फ्लाइट संपल्यावर' म्हणजे त्या सेक्टरचा ब्लॉक-ऑन (विमान स्टँडवर येऊन थांबणं). दिवसाचा शेवटचा सेक्टर नव्हे. आणि 'शंका असलेले' हे शब्द मुद्दाम आहेत. 'खात्री नव्हती म्हणून लिहिलं नाही' हे कारण तिथं टिकत नाही. डीजीसीएच्या नियमांतल्या सेक्शन ८, सिरीज ओ, पार्ट २ मध्ये कमांडरनं निघण्याआधी विमान एअरवर्दी (उडण्यायोग्य) आहे, मेन्टेनन्स रिलीज झालेलं आहे, भार बरोबर आहे याची खातरजमा करायची असते. त्यामुळं सीआरएसवर सही एएमईची असली तरी विमान स्वीकारण्याची सही तुमची, आणि तिला वजन आहे.

एमईएलचा हिशेब तोंडपाठ ठेवा. ए कॅटेगरीला मुदत त्या आयटममध्येच लिहिलेली असते. बी म्हणजे ३, सी म्हणजे १० आणि डी म्हणजे १२० सलग दिवस, आणि नोंद केलेला दिवस त्यात धरायचा नाही. बी कॅटेगरीचा दोष सोमवारी लिहिला तर मोजणी सोमवारच्या मध्यरात्री सुरू होऊन गुरुवारी मध्यरात्री संपते. शुक्रवारी पहाटेची पहिली फ्लाइट त्या दोषावर निघू शकत नाही. रात्रीच्या हॉल्टवर हेच हमखास चुकतं, कारण संध्याकाळी उतरलेल्या क्रूनं बघितलेलं विमान वैध असतं आणि सकाळच्या क्रूला मिळतं ते नसतं. पहिल्या फ्लाइटला डिफर्ड लिस्टवरची (दुरुस्ती पुढं ढकललेल्या दोषांच्या यादीवरची) प्रत्येक तारीख स्वतः मोजा.

एमईएल विमान स्वतःच्या ताकदीनं उड्डाणासाठी हलेपर्यंत लागू. त्यानंतर दोष आला तर आधी क्यूआरएच आणि तुमचा निर्णय. पण टॅक्सीत दोष आला आणि क्यूआरएच संपल्यावर उडता येतंय असं दिसलं, तरी पुढच्या स्टेशनवर ते विमान अडकणार का, हे एमईएल उघडून बघणं शहाणपणाचं. सांबऱ्याहून परत येणं सोपं, दुसरीकडं जाऊन अडकणं अवघड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमईएल प्रत्येक आयटम सुटा बघतं. दोन आयटम एकत्र आले की काय होतं हे ते नेहमी सांगत नाही, ते तुम्हाला जुळवावं लागतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. वेदर रडार बंद असताना बहुतेक एमईएल म्हणतात की मार्गावर रडारवर दिसण्यासारख्या वादळांचा अंदाज नसेल तरच जा. वायपर बंद असेल तर टेक-ऑफ किंवा लँडिंगच्या विमानतळापासून ५ नॉटिकल मैलांत पाऊस नसावा, अशी अट असते. जुलैत सांबऱ्याला ही अट पाळणं म्हणजे विमान न नेणंच आहे. घाटमाथ्यावरून चोर्ल्याकडून ढग येतात ते टीएएफ (विमानतळाचा हवामान अंदाज) बघून येत नाहीत. आणि अँटी-स्किड (ब्रेक लावताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) डिफर्ड असेल तर ओल्या धावपट्टीचा लँडिंग डिस्टन्स नव्यानं काढा. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर आहे, उंची सुमारे अडीच हजार फूट, म्हणजे त्याच इंडिकेटेड स्पीडला जमिनीवरचा वेग समुद्रसपाटीपेक्षा जास्त. कागदावर पुरतं म्हणून सोडू नका. दुसरा डिफर्ड आयटम फ्लॅप किंवा स्पॉयलरचा असेल तर गणित पूर्ण बदलतं.

'नाही' म्हणायचं कसं? फोनवर वाद घालू नका. तीनच गोष्टी सांगा: दोष काय, एमईएलचा कोणता आयटम आणि कोणती अट पूर्ण होत नाही. 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की समोरचा समजूत घालायला लागतो. 'आयटमची ऑपरेशनल अट पूर्ण होत नाही, पाऊस सुरू आहे' म्हटलं की समजूत घालायला जागा उरत नाही. तरी कुणी आग्रह धरला तर त्याचं नाव आणि हुद्दा विचारून मेसेजवर पाठवायला सांगा. बहुतेक वेळा तो मेसेज येतच नाही.

इंधनाबद्दल एक जोडतो, कारण एटीआरवाल्यांनी हे विसरू नये. ६ ऑगस्ट २००५ ला तुनिंटरचं एटीआर ७२ पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं, १६ जण गेले. आदल्या दिवशी फ्युएल क्वांटिटी इंडिकेटर बदलला होता आणि चुकून एटीआर ४२ चा बसवला होता. तो जागेत व्यवस्थित बसतो, दिवे लागतात, फक्त टाकीत नसलेलं इंधन दाखवतो. सकाळी इंधन अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होतं, भरल्याची स्लिप नव्हती, तरी विमान निघालं. म्हणून प्रत्येक अपलिफ्टला (इंधन भरताना) हिशेब करा: मागच्या शटडाउनला ९०० किलो, भरलं १,५०० लिटर, घनता ०.७९, म्हणजे १,१८५ किलो, एकूण २,०८५. हॉटेल मोडवर जळलेलं वजा करा. गेज त्याच्या आसपास हवं. फरक ऑपरेशन्स मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेला तर पंखाखालच्या स्टिकनं मोजायला सांगा. आणि आदल्या रात्री त्या गेजवर काम झालंय असं पानावर दिसलं तर फरक नसला तरी स्टिकनं मोजा.

सांबरा_रॅम्प

मोठ्या गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या. रॅम्पवरचं थोडं माझ्याकडून.

पिटोट कव्हर. (पिटोट म्हणजे विमानाचा वेग मोजणारी नळी.) पावसाळा संपला की आपल्याकडं कुंभारीण माशी घरं बांधायला लागते. भिंतीच्या भोकात, नळीच्या तोंडात, जिथं पेन्सिलएवढं छिद्र मिळेल तिथं ओल्या मातीचं घर. पिटोट ट्यूब तिला अगदी आयती. ब्रिस्बेनला २०१३ मध्ये एक ए३३० जेमतेम दोन तास उभं होतं, तेवढ्यात कॅप्टनच्या बाजूची पिटोट नळी जवळपास पूर्ण बंद झाली. पहिला टेक-ऑफ सोडावा लागला, दुसऱ्यांदा उडाल्यावर स्पीड जुळेना म्हणून परत आले. म्हणून 'रात्रीच्या हॉल्टलाच कव्हर' हा हिशेब इथं चालत नाही. विमान उशिरामुळं दोन-तीन तास थांबणार असेल तरी कव्हर घाला. फक्त पिटोट हीट बंद होऊन नळी थंड होऊ द्या. गरम नळीवर घातलं की कव्हर वितळून चिकटतं आणि तो वेगळाच स्नॅग होतो. काढल्यावर नळीच्या तोंडाशी वाळलेल्या मातीचा कण दिसला तर फुंकर मारून किंवा काडी घालून बघू नका, माती आत जाते. एएमईला बोलवा.

पावसाळ्यात रॅम्पच्या कडेची लाल माती आणि बारीक खडी वाहून येते. एटीआरची प्रोपेलर तिला उडवतात आणि ती ब्लेडवरच येते. ब्लेडच्या पुढच्या कडेला निकलची पट्टी असते, तिचं टोक उचललंय का, चीर आहे का, ते बघा. काळा जळका ठिपका दिसला तर वीज पडल्याची शंका घेऊन लिहा, वादळातून आलो नव्हतो असं वाटलं तरी.

टेल प्रॉप (शेपटी खाली टेकू नये म्हणून लावायचा आधार) लावल्याशिवाय मागच्या दारानं चढ-उतार सुरू करायची नाही, आणि काढल्याची खूण कॉकपिटला दिल्याशिवाय चोक (चाकांना लावलेले ठोकळे) हलवायचे नाहीत. घाईत दोन्ही गोष्टी एकाच माणसावर पडतात.

क्वालिटी_उद्यमबाग

स्पॉट चेकबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

डीजीसीएचा अधिकारी रॅम्पवर आला की ओळखपत्र दाखवतो. तुम्ही ब्रीफिंगमध्ये किंवा फ्युएलिंगच्या मधे असाल तर 'दोन मिनिटं थांबा, हे संपवतो' असं सांगायला काही हरकत नाही. घाईत चेकलिस्ट अर्धवट सोडली तर तोच फाइंडिंग (नोंदवलेली त्रुटी) होतो. तो आधी कागद बघतो: रजिस्ट्रेशन, सीओए (एअरवर्दी असल्याचं प्रमाणपत्र), चालू एआरसी (त्याचं परीक्षण झाल्याचं प्रमाणपत्र), नॉइज सर्टिफिकेट, रेडिओ लायसन्स, विमा, तुमची लायसन्स आणि मेडिकल, एमईएलची चालू आवृत्ती, लोड अँड ट्रिम शीट, मग टेक लॉग. एआरसीची मुदत वर्षाची असते, ती तारीख विचारली की पटकन दाखवता आली पाहिजे.

टेक लॉगमध्ये जे सापडतं ते जवळजवळ नेहमी सारखंच. एमईएल लावलं पण कॉकपिटमध्ये 'इनऑप'चं लेबल नाही. मेन्टेनन्स कृती करायची होती ती केली असेल, पण लिहिलेली नाही. मुदतीची तारीख एका दिवसानं चुकलेली. सहीपुढं ऑथरायझेशन नंबर नाही. ऑइल अपलिफ्टचा आकडा आहे पण एकक नाही, क्वार्ट की लिटर ते कळत नाही. केबिनमध्ये सीटखालची लाइफ व्हेस्ट जागेवर घट्ट नाही, हेही जून २०२५ च्या पाहणीत आलं होतं. आणि त्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा, जो तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: एकच दोष अनेक वेळा परत आलेला, म्हणजे देखरेख आणि दुरुस्ती दोन्ही अपुरी.

परत येणारा दोष ही क्रूची वैयक्तिक तक्रार नसते, कंपनीवरचं बंधन असतं. डीजीसीएच्या नियमांतला सेक्शन २, सिरीज सी, पार्ट १ हा भाग दोषांची नोंद, कळवणं, तपास आणि विश्लेषण याबद्दलच आहे. 'रिपीट' कशाला म्हणायचं, किती दिवसांत किती वेळा, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये आकड्यात लिहिलेलं असतं. तो आकडा शोधून ठेवा. मग पानावर लिहा: 'हाच दोष अमुक तारखेला, अमुक पान क्रमांकावर. आजची तिसरी नोंद.' या एका वाक्यामुळं एएमईला जुना कागद काढावाच लागतो आणि सॅटिस लिहून पान बंद करणं अवघड होतं. कॅमोलाही तो दोष रिपीटच्या यादीत घ्यावा लागतो, आणि सुटा भाग मागवायचा निर्णय तिथं होतो. लाइनवरचा एएमई इच्छा असून तो घेऊ शकत नाही.

बदललेल्या भागाबरोबर सीए फॉर्म १ किंवा त्याच्या तोडीचं रिलीज सर्टिफिकेट आलंय का आणि पार्ट नंबर त्या विमानाच्या आयपीसीशी (भागांच्या सचित्र यादीशी) जुळतो का, हे बघणं एएमईचं काम. आपल्याकडं हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, एवढासा ब्रॅकेट असला तरी त्याच्याबरोबर कागद फिरतो. तुनिंटरच्या गेजला तोच धागा तुटला होता.

फाइंडिंग दोन पातळ्यांचे. पहिल्या पातळीचा म्हणजे सुरक्षेला थेट धोका, तिथं विमान थांबतं. दुसऱ्या पातळीला दुरुस्तीची मुदत मिळते. पण मुदतीत 'टायर बदलला' एवढं उत्तर पुरत नाही. झिजलेला टायर आदल्या चार ट्रान्झिट चेकमधून कसा निसटला, हे लिहावं लागतं.

आणि तपासणीवर भरवसा ठेवून बसू नका. डीजीसीएमधली जवळपास निम्मी पदं रिकामी होती, हे संसदेच्या स्थायी समितीनंच २०२५ मध्ये मांडलं. अधिकारी मोठ्या विमानतळांवर जास्त दिसणार, सांबऱ्याला कमी. आला तरी त्याच्यासमोर तेवढंच येतं जेवढं तुम्ही लिहिलंय. दोष पानावर नसेल तर तपासणी करणारा आणि ते विमान यांच्यात दुवाच राहत नाही.

खानापूर_एफओ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक उरलंच. सांबऱ्याला ब्लॉक-ऑन झालं, एएमई विमानाबरोबर नाही, दोष खरा आहे, आणि फोनवर सांगतात की 'लिहू नका, इकडं आणा, बघतो'. तेव्हा नेमकं काय करायचं? को-पायलट असेल आणि कमांडर लिहायला तयार नसेल तर?

कॅप्टन_हिंडलगा

लिहायचं, मग फोन करायचा. क्रम हाच ठेवा. पानावर नोंद झाली की फोनवरचं बोलणं आपोआप बदलतं. 'लिहू का?' याऐवजी 'लिहिलंय, आता एमईएल लागू होतं का, आणि कोण करणार?' यावर चर्चा होते. मेन्टेनन्स कंट्रोल आयटम सांगेल, पण तो लावायचा अधिकार कुणाला आणि कोणत्या पद्धतीनं, हे तुमच्या मान्य मॅन्युअलमध्ये असतं. मेन्टेनन्स कृती लागणारा आयटम असेल तर अधिकृत माणूस येईपर्यंत विमान उभं. पुढच्या फ्लाइटनं किंवा रस्त्यानं माणूस आणणं हे त्यांचं काम.

को-पायलटबद्दल. आधी कमांडरला कॉकपिटमध्येच, शांतपणे, आकड्यांसह सांगा: 'सर, ९,००० ला ट्रिप झाला, दोनदा. मी नोंदीचा मसुदा करतो, तुम्ही बघून सही करा.' तयार मसुदा समोर आला की दहातले बरेच जण सही करतात. तरीही नकार आला तर कंपनीच्या सेफ्टी विभागाला त्याच दिवशी रिपोर्ट द्या. एसएमएसखाली (सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिमखाली) ती व्यवस्था असणं कंपनीला बंधनकारक आहे. डीजीसीएकडंही ऐच्छिक रिपोर्टिंगची वेगळी सोय आहे, नाव गुप्त राहतं. रिपोर्टमध्ये कमांडरबद्दल विशेषणं नकोत. तारीख, सेक्टर, उंची, काय दिसलं, काय केलं, पान क्रमांक आणि त्या पानावर काय नाही, एवढंच.

निपाणीकर_बीवन

एक बारीक गोष्ट जोडतो. सेक्टरचं पान एकापेक्षा जास्त प्रतींचं असतं आणि निघण्याआधी एक प्रत जमिनीवर राहते. सांबऱ्याला ती प्रत स्टेशनवर खरंच जातेय ना, हे बघा. अक्षर खालच्या प्रतीवर उमटायला बॉलपेन दाबून लिहा. जेल पेननं लिहिलेलं खाली उतरत नाही, आणि मग स्टेशनवरच्या प्रतीवर स्नॅगची ओळ कोरी आणि वरच्यावर भरलेली असते. तपासात ही दोन पानं शेजारी ठेवली की पहिला प्रश्न हाच येतो की ही ओळ नंतर कुणी लिहिली. चुकलेलं खोडताना एकच आडवी रेघ, शेजारी सही. व्हाइटनर अजिबात नाही.